द्रवरूप वायू आणि आपला किनारा

दाभोळ प्रकल्प दाभोळात नाही, ही गोष्ट आमच्या तालुक्याबाहेरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. दाभोळ हे जुने, इतिहासप्रसिद्ध बंदर वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प उभा आहे तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या परिसरात, गोपाळगडाच्या शेजारी. नाव एका गावाचे आणि जमीन दुसऱ्या गावांची, असा हा प्रकार. वर्गात मी हे सांगितले तेव्हा सर म्हणाले, "मग अंकासाठी तुम्हीच लिहा की या विषयावर." त्यांनी थट्टेने म्हटले असेल, मी मात्र ते मनावर घेतले.

मी भूगोलाची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. त्यामुळे जे मला समजायला कठीण गेले तेच येथे सावकाश सांगणार आहे. जे ज्याला त्याला ठाऊक आहे ते सोडून देणार आहे. खरे तर मला कुतूहल आहे ते एका विशेषणाचे. जाहिरातींत, भाषणांत, सरकारी पत्रकांत या वायूला 'स्वच्छ इंधन' म्हटलेले आढळते. आम्हा कलाशाखेच्या मंडळींना विशेषण दिसले की विचारावेसे वाटते : स्वच्छ, पण कोणाच्या मानाने?

आधी नावांचा घोटाळा दूर करू. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. हे वायू नुसत्या दाबाने, नेहमीच्या तापमानाला द्रवरूप होतात, म्हणून ते लोखंडी टाकीत घरोघर पोहोचवता येतात. रिक्षात भरतात तो सीएनजी आणि मुंबईत नळाने येतो तो वायू हे दोन्ही निराळे. ते मुख्यतः मिथेन. मिथेन कितीही दाबला तरी नेहमीच्या तापमानाला द्रवरूप होत नाही. थोर शास्त्रज्ञ फॅरेडे यांनी १८४५ च्या सुमारास एकामागून एक वायू द्रवरूप करून पाहिले. सहा वायूंपुढे त्यांनी हात टेकले, त्यांत मिथेन होता. त्याचे कारण पुढे १८६९ मध्ये अँड्र्यूज यांनी दाखवून दिले. प्रत्येक वायूचे एक ठरावीक तापमान असते, त्याच्यावर असताना तो दाबाला दाद देत नाही. मिथेनच्या बाबतीत ही रेघ उणे ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे आधी थंडी हवी, मग पुढची गोष्ट. आणि बाहेरच्या हवेइतक्याच दाबाखाली त्याला द्रवरूपात ठेवायचे तर तापमान उणे १६२ अंशांपर्यंत खाली न्यावे लागते. या द्रवाला एलएनजी, म्हणजेच द्रवरूप नैसर्गिक वायू म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर द्रवरूप झाल्यावर त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. माझ्या आजीला हे सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "वारा काय पाटीत भरून आणतात काय?" प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. वारा पाटीत भरता येत नाही हीच वायूच्या व्यापाराची मूळ अडचण. तेल बोटीत ओतता येते, कोळसा रचता येतो. वायूला मात्र शतकभर फक्त नळ होता. जेथे नळ जाईल तेथेच वायू. समुद्र आडवा आला की व्यापार संपला. सहाशे घरांत मावेल एवढा वायू एका घरात बसवता येऊ लागला तेव्हा कुठे तो समुद्र ओलांडू लागला. १९५९ साली 'मिथेन पायोनियर' नावाचे, युद्धकाळातल्या मालवाहू जहाजावर फेरफार करून बनवलेले गलबत अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या लेक चार्ल्सहून निघून इंग्लंडमधल्या कॅन्व्ही बेटाला सुखरूप पोहोचले. १९६४ पासून अल्जीरियाहून इंग्लंडला नियमित खेपा सुरू झाल्या. तेथून या व्यापाराचा खरा आरंभ धरतात.

जहाजातल्या टाक्यांत हा द्रव थंड कसा राहतो, हे मला सर्वांत रंजक वाटले. मी समजत होते की जहाजावर अजस्र शीतयंत्रे बसवलेली असतील. बहुतेक जहाजे मात्र आपल्या माठाच्याच युक्तीवर चालतात. माठातले थोडे पाणी झिरपून बाष्प होते आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. टाकीतला थोडा द्रव असाच सतत उकळत राहतो आणि उरलेल्याला थंड ठेवतो. दिवसाला साधारण एक दशांश टक्का द्रव अशा रीतीने वायू होतो, आणि तो जहाजाच्या इंजिनातच जाळतात. कतारहून कोकणात यायला तीनचार दिवस लागतात, तेव्हा ही घट नगण्य. पण अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून, आफ्रिकेला वळसा घालून यायचे तर महिना जातो. मग मालाचे शंभरातले दोनतीन भाग वाटेतच खर्ची पडतात. आणि त्याही आधी, वायू गोठणबिंदूच्या एवढा खाली नेण्यासाठी जो कारखाना लागतो तो आलेल्या वायूपैकी दहा टक्क्यांच्या आसपास स्वतःच खाऊन टाकतो. हा हिशेब लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडणार आहे.

जहाज धक्क्याला लागले की पोलादी बाहूंसारख्या नळांतून द्रव किनाऱ्यावरच्या टाक्यांत जातो. या टाक्या दुहेरी असतात. आतली भिंत नऊ टक्के निकेल असलेल्या पोलादाची, बाहेरची काँक्रीटची, मध्ये उष्णतारोधक थर. निकेलचा हा आग्रह मोठी किंमत मोजून शिकलेला आहे. साधे पोलाद एवढ्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी एक टाकी कमी निकेलच्या पोलादाची बांधली होती, कारण युद्धामुळे निकेलची टंचाई होती. २० ऑक्टोबर १९४४ रोजी ती फुटली. द्रव रस्त्यावर आला, गटारांत उतरला, तेथे त्याचा वायू झाला आणि गटारांतून घराघरांखाली जाऊन पेटला. १३० माणसे मेली. त्यानंतर कित्येक वर्षे या उद्योगाचे नाव काढायला कोणी धजत नव्हते. आधुनिक टाक्यांचा इतिहास पुष्कळच बरा आहे हे न्यायाने सांगितले पाहिजे; तरी २००४ च्या जानेवारीत अल्जीरियातल्या स्किकदा येथील कारखान्यात स्फोट होऊन २७ जण गेले. तेव्हा जहाज बंदरात येताना भोवती सुरक्षेचे वर्तुळ राखतात आणि त्यात होडी घालू देत नाहीत, यात अवाजवी काही नाही. फक्त ते वर्तुळ ज्या पाण्यावर आखतात ते पाणी बहुधा कोणाचे तरी मासेमारीचे पाणी असते, आणि त्याची किंमत प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसते.

आता खाडीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. टाकीतला द्रव वापरायचा तर पुन्हा वायुरूप करायला हवा, म्हणजे त्याला उष्णता द्यायला हवी. जगात पुष्कळ ठिकाणी ही उष्णता समुद्राकडून घेतात. उभ्या नळ्यांतून द्रव वर चढतो, बाहेरून समुद्राचे पाणी ओघळते. पाणी थंड होऊन पुन्हा समुद्रात जाते, साधारण पाच ते सात अंशांनी थंड. शिवाय नळ्यांना शिंपले, शेवाळ चिकटू नये म्हणून त्या पाण्यात क्लोरिनचा अंश सोडतात. माशांची अंडी, पिल्ले, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव या पाण्याबरोबर आत ओढले जातात, ते बहुतांशी जिवंत बाहेर येत नाहीत. उघड्या समुद्रावर, जोरदार प्रवाहात, याचा परिणाम लवकर विरतो. अरुंद खाडीत तो विरायला वेळ लागतो, आणि खाडी हीच तर पिल्लांची शाळा.

याला पर्याय नाहीत असे नाही. गुजरातेत दहेजला हवेतली उष्णता घेऊन काम भागवण्याची व्यवस्था आहे. वायूच जाळून उष्णता देण्याची पद्धतही आहे. त्यात पाणी वाचते, पण मालातला एकदीड टक्का जळून जातो आणि धूर वाढतो. एकाला झाकायला जावे तर दुसरे उघडे पडते. हा प्रश्न गरीब देशांचाच आहे असेही समजू नये. रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यावर जर्मनीला वायूची निकड लागली, तेव्हा विल्हेल्म्सहाफेन बंदरात तरंगते टर्मिनल काही महिन्यांत उभारून १७ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. एरवी पर्यावरणाच्या बाबतीत जगाला धडे देणाऱ्या त्या देशात परवानग्यांचे नियम त्यासाठी शिथिल केले गेले, आणि जहाजातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या क्लोरिनवरून तेथील पर्यावरणवाद्यांनी मोठा वाद घातला. घाई सगळ्यांनाच सारखी वागायला लावते.

आमच्याकडची घाई तीस वर्षांपूर्वीची. एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी राज्य सरकारचा पहिला समझोता १९९२ च्या जूनमधला. जागतिक बँकेने १९९३ साली या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला, कारण आयात वायूवरची एवढी वीज राज्याला महाग पडेल असे तिचे मत होते. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास बंधनकारक करणारी केंद्राची अधिसूचना निघाली जानेवारी १९९४ मध्ये, आणि जनसुनावणीची अट आली १९९७ च्या एप्रिलमध्ये. त्याच १९९७ च्या जूनमध्ये पोलिसांनी भल्या पहाटे वेलदूरमध्ये धाड घालून आंदोलकांना पकडले, त्यांत स्त्रिया अधिक होत्या. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांच्या अहवालांत ती हकीगत सविस्तर आलेली आहे. त्या कोळिणींची भीती काय होती? खाडीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याने मासळी जाईल, ही. म्हणजे ज्यांना ऐकण्याची कायद्यात सोय नुकतीच झाली होती, त्यांचेच म्हणणे पोलीसगाडीत बसवून नेले गेले.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९९५ साली नव्या सरकारने करार रद्द केला, १९९६ मध्ये वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला, तोही वायूवर नव्हे, नाफ्थ्यावर. वायू ओमान आणि अबू धाबीहून यायचा होता, पण दुसऱ्या टप्प्यात. तो टप्पा पुरा होण्याआधीच, २००१ मध्ये विजेच्या दरावरून भांडण होऊन केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. २००५ साली एनटीपीसी, गेल आदी सरकारी कंपन्यांनी मिळून ते उचलले. जहाजातून आलेला वायू अंजनवेलच्या टर्मिनलमध्ये प्रत्यक्ष उतरू लागला तो २०१३ साली. पहिल्या समझोत्यापासून मोजले तर वीस वर्षांनी.

आणि इथे एक गंमत झाली. गंमत म्हणायचे ते दुसरा शब्द सुचत नाही म्हणून. ज्या वीजकेंद्रासाठी हे टर्मिनल कल्पिले होते ते वीजकेंद्र त्याच वर्षाच्या अखेरीस वायूअभावी बंद पडले. देशातला स्वस्त वायू आटला होता, आणि शेजारच्या टाकीतला आयात वायू विजेसाठी परवडत नव्हता. दाराशी समुद्र आणि घागर रिकामी. तो वायू मग नळाने उत्तरेला पनवेलकडे आणि घाट चढून पार बंगळूरकडे जाऊ लागला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यातले दराचे गणित मुद्दाम पाहावे. आशियातल्या बाजारात या वायूचा तात्काळ खरेदीचा भाव २०२० च्या उन्हाळ्यात दोन डॉलरच्या आसपास उतरला होता, आणि २०२२ मध्ये तोच साठ डॉलरच्याही वर गेला. दोन वर्षांत तीसपट! असल्या भावावर गिरणी चालवावी की घरचा चुलाणा, कोणी सांगावे?

टर्मिनलला दुसरी अडचण आली ती आमच्या पावसाळ्याची. वर्षाला पन्नास लाख टन वायू उतरवण्याच्या हिशेबाने ते बांधले, पण लाटा अडवणारा बांध अर्धवट राहिला होता. त्यामुळे सुरू झाल्यानंतर पुढली अनेक वर्षे जूनपासून सप्टेंबरपर्यंत जहाज धक्क्याला लावता येत नसे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालू नये हा आमच्याकडचा रिवाज सगळ्यांना ठाऊक. अब्जावधींच्या प्रकल्पाने तो नाइलाजाने पाळला. पुढे बांध पुरा करण्याचे काम हाती घेतले गेले. अशा बांधाने लाटा अडतात, पण भूगोलाच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात की लाटांबरोबर वाळूही चालत असते. ती एका बाजूला साचते आणि दुसऱ्या बाजूची पुळण झिजते. किनाऱ्याला एका ठिकाणी हात लावला की तो दुसऱ्या ठिकाणी हलतो.

आता त्या विशेषणाकडे येऊ. वायू जाळला तर तेवढीच वीज कोळशाने केल्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड सुमारे निम्माच निघतो. राख नाही, गंधकाचा धूर जवळजवळ नाही. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या शहरात ज्याने श्वास घेतला आहे त्याला हा फरक पुस्तकातून शिकवावा लागत नाही. तेव्हा कोळशाच्या मानाने स्वच्छ हे म्हणणे धुराड्याच्या तोंडापाशी खरे आहे. पण वायू धुराड्यापर्यंत येतो कसा, ते आपण आताच पाहिले. विहिरीपासून चुलीपर्यंत नळ, झडपा, टाक्या, जहाजे आणि पुन्हा नळ. यातून थोडा थोडा मिथेन न जळताच निसटत राहतो. जहाजांच्या इंजिनांतूनही काही तसाच बाहेर पडतो. आणि न जळलेला मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी प्रखर. वातावरणात तो साधारण बारा वर्षेच टिकतो, पण वीस वर्षांच्या मुदतीत मोजला तर वजनास वजन ऐंशी पटींहून अधिक उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या मुदतीत मोजला तर तीस पटींच्या आसपास. २०१२ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की वायूपैकी सुमारे तीन टक्क्यांहून अधिक गळती झाली, तर विजेसाठी कोळशाऐवजी वायू वापरण्याचा हवामानाला होणारा तात्काळचा लाभ नाहीसा होतो.

२०२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट हॉवर्थ यांनी अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या द्रवरूप वायूचा आदिपासून अंतापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. वीस वर्षांच्या मुदतीत तो कोळशापेक्षा तेहतीस टक्क्यांनी वाईट, असे त्यांचे म्हणणे. यावर टीका पुष्कळ झाली. वीसच वर्षे का धरली, गळतीचे आकडे सर्वत्र सारखे का मानले, असे आक्षेप आले, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. कतारहून तीन दिवसांत येणारा वायू आणि टेक्साससारख्या दूरच्या विहिरीतून महिन्याने येणारा वायू यांना एकाच तागडीत घालणे योग्य नव्हे. माझे मत विचाराल तर मुदतीचा वाद हा शास्त्राचा नसून पिढीचा आहे. शंभर वर्षांची सरासरी काढणाऱ्याला पुढची वीस वर्षे हा एक छोटा तुकडा वाटतो. माझ्या वयाच्या माणसाची नोकरी, संसार, घरचा आंबा मोहरणे न मोहरणे, सगळे त्या तुकड्यातच आहे.

भारतात दहेजचे टर्मिनल २००४ साली सुरू झाले. त्यानंतर हजिरा, दाभोळ, कोची, एन्नोर, मुंद्रा, धामरा अशी ही माळ वाढत गेली. २०३० पर्यंत देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा पंधरा टक्क्यांवर न्यायचा असे सरकारचे उद्दिष्ट आहे. कतारशी फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेला खरेदीचा करार २०४८ पर्यंतचा आहे. टर्मिनल एकदा बांधले की ते तीस-चाळीस वर्षे चालवावेच लागते, नाहीतर कर्ज फिटत नाही. तोवर सूर्य आणि वारा कितीही स्वस्त झाले तरी नळ रिकामा ठेवणे परवडत नाही. कोळसा सुटेपर्यंतचा हा पूल आहे असे म्हणतात. पुलावर टोल मात्र पंचवीस वर्षांचा आगाऊ भरलेला आहे.

माझ्या मामाचे म्हणणे याहून निराळे. ते म्हणतात, "तू शहरात शिकून ये, पण चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईला वाईट वायू सांगू नकोस." ते खोटे नाही. घरात नळाने येणारा वायू आणि वीजकेंद्रात जाळायचा वायू यांचा विचार वेगवेगळा करायला हवा, आणि खतासाठी लागणाऱ्या वायूचा आणखी वेगळा. युरियासाठी त्याला आज तरी सहज पर्याय नाही, विजेला आहे. सर्वांना एकच विशेषण लावल्याने हा भेद पुसला जातो.

राहिली आमची खाडी. तिच्या पाण्याच्या तापमानाची, खारेपणाची, गढूळपणाची आमच्या विभागाजवळ स्वतःची एकही नोंद नाही. पाणी बदलले असे एक म्हातारा सांगतो, काही बदलले नाही असे दुसरा सांगतो, आणि दोघांच्याही हातात आकडा नसतो. म्हणून येत्या मार्गशीर्षापासून दर अमावास्येला व पौर्णिमेला, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, दाभोळ-धोपावे फेरीबोटीवरून आणि खाडीच्या मुखाशी तीन ठिकाणी तापमान घ्यायचे असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. तापमापक आणि बादली विभागातून द्यायचे सरांनी मान्य केले आहे. फेरीबोटीचे तिकीट ज्याचे त्याने काढायचे. इच्छुकांनी भूगोल विभागात नावे द्यावीत. पोहता येत असल्यास उत्तम.